पाहुण्याचं जेवण

"पाहिलंस की वाटलं?"

कुणी काहीही सांगायला गेलं की मिस आधी हे विचारायच्या. हातातलं काम थांबवायच्या नाहीत, मानही वर करायच्या नाहीत, फक्त चष्म्याच्या वरून डोळे तेवढे उचलायच्या. गॅस संपला. पाहिलंस की वाटलं? साहेब आले. पाहिलंस की वाटलं? समोरचा माणूस घुटमळायचा आणि बहुतेक वेळा परत जाऊन खरोखर पाहून यायचा. तुम्हालाही असं कुणीतरी भेटलं असेल. अशा माणसापुढे आपण दिवसभर किती पोकळ बोलतो ते आपलं आपल्याला ऐकू यायला लागतं.

अंधेरीला मरोळच्या बाजूला एका ट्रस्टचा दवाखाना होता, त्याची मागे लॅब होती. ऐंशी सालानंतरची गोष्ट. लॅबच्या एका टोकाला मीडिया रूम, आणि मिस त्या खोलीच्या प्रमुख. मीडिया म्हणजे जंतूंचं जेवण. रोग्याच्या रक्तात नाहीतर थुंकीत कुठला जंतू आहे हे ओळखायचं तर आधी त्याला खायला घालून वाढवावं लागतं. कुणाला रक्त लागतं, कुणाला अंडं, कुणाला नुसतं साखरेचं पाणी. हे सगळं मिस शिजवायच्या.

"मी खानसामा गो," त्या म्हणायच्या. "फक्त माझी गिऱ्हाईकं कधी छान झालं म्हणत नाहीत."

मी त्यांच्या हाताखाली काचसामान धुवायचे.

मी यवतमाळकडची, पांढरकवड्याच्याही पुढची. शाळा पाचवीत सुटली. लग्नानंतर काही वर्षांनी नवऱ्यामागे मुंबईला आले. तो साकीनाक्याला एका वर्कशॉपात लेथवर होता, आणि आम्ही असल्फ्याच्या टेकडीवर राहायचो. मुंबईत मला सगळ्याचीच भीती वाटायची. रस्ता ओलांडायची, दुकानात सुटे मागायची, नळावर भांडं लावायची. भीती वाटली की मी एकच करायचे. आधीच म्हणून टाकायचे, "माझंच चुकलं जी." आमच्याकडे मोठ्या माणसाशी बोलताना जी लावतात. इथे लोक हसायचे. हसू देत. चूक कुणाची हे ठरायच्या आधीच ती आपल्या अंगावर घेतली की समोरचा ओरडायचा थांबतो, एवढं मी फार लहानपणी शिकले होते.

मिसची आणि माझी भेट कुंपणावर झाली. मरोळ गावठाणात त्यांचं बैठं घर होतं, त्या आणि त्यांचा धाकटा भाऊ. शेजारच्या घरी मी भांडी घासायला जायचे. एकदा सरबताचे पेले धुऊन एकेक उजेडाकडे धरून बघत होते, तर पलीकडून आवाज आला.

"काय बघतेस गो बाय?"

"डाग राहिला काय ते, जी."

"तुला सांगितलं कोणी बघायला?"

मला वाटलं, पेले हाताळले म्हणून रागावल्या. "माझंच चुकलं जी," मी म्हटलं.

त्या हसत सुटल्या. फुलाफुलांचा फ्रॉक, पायात रबरी चपला, अंबाड्यात खोचलेली पेन्सिल. "काय चुकलं? अजून तर काही झालंच नाही! सोमवारी लॅबला ये. माझी धुणारी सोडून गेली."

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "तुला कोट देतील काय घालायला?" खरंच दिला. पांढरा, खिशावर शाईचा जुना डाग असलेला. तो घालून मी आरशात बघितलं नाही, लाज वाटली. पण सकाळी रस्ता ओलांडायची भीती थोडी कमी झाली. ते उपकार मी कसे फेडणार होते? रोज मनात म्हणायचे, ह्या बाईसाठी काही करायची वेळ आली तर मागे हटायचं नाही.

मिसना मिस म्हणायचे कारण त्या रविवारी चर्चमध्ये मुलांना शिकवायच्या. दोन पिढ्यांची मिस. फादरसुद्धा त्यांना वचकून. एका प्रवचनात फादर सांगत होते की आजारी बाईच्या उशाशी त्यांना देवदूत उभा असल्यासारखा दिसला. बाहेर पडल्यावर मिसनी त्यांना पायरीवर गाठलं आणि विचारलं. फादर म्हणे बराच वेळ विचार करून म्हणाले, "वाटलं." मिस म्हणाल्या, "मग तसं सांगा ना. वाटलेला पण चालतो मला."

लग्न का केलं नाही, असं मी एकदा भीतभीत विचारलं होतं. हातात पिपेट, थेंब मोजायची काचेची नळी, धरून त्या म्हणाल्या, "एक जण आला होता. बोलला, मला तू आवडतेस. मी बोलले, पाहिलंस की वाटलं? तो गेला पाहून यायला. अजून नाही आला."

आणि मग पिपेटमधलं पाणी थेंबथेंब सोडत राहिल्या.

मे महिना आला की त्या रजा टाकायच्या. गावठाणातल्या बायका मिळून वर्षाचा मसाला करायच्या. अंगणात मिरच्या वाळताहेत, भाजण्याचा ठसका सगळ्या आळीत, मुसळं चाललेली. तयार मसाला बीअरच्या तपकिरी बाटल्यांमध्ये लाकडी दांड्याने ठासून भरायचा. आत हवा राहता कामा नये, बाहेरून उजेड लागता कामा नये. एक बाटली मला मिळायची. "एकदाच करायचं, नीट भरायचं, मग वर्षभर बघायला नको," त्या सांगायच्या. आणि खरंच, पुढच्या एप्रिलात बूच काढलं तरी शिंक यायची.

मीडिया रूमही त्यांनी ह्याच रीतीने चालवली होती. एकदम मोठा घाणा करायचा, तपकिरी बाटल्यांत गळ्यापर्यंत भरायचा, घट्ट बूच, आणि फ्रिजमध्ये. जुनी बाटली पुढे, नवी मागे. जुनी संपल्याशिवाय नवीला हात नाही. त्या फ्रिजचं दार कुणी जरा जास्त वेळ उघडं ठेवलं तर मिसचा आवाज व्हरांड्यात ऐकू यायचा. "आत काय सिनेमा चाललाय?" पण कुठल्याही रोग्याचा कुठलाही जंतू त्यांच्या जेवणावर वाढला नाही असं होत नव्हतं. टायफॉइडचा तर नुसता माजायचा.

अशात पाहुणा आला.

लॅबमध्ये एक तरुण डॉक्टर होते. परदेशात शिकून आलेले, व्हरांड्यातून चालताना अर्धे धावायचे. त्यांच्या तिकडच्या प्रोफेसरांनी बर्फात घालून एक जंतू पाठवला, छोट्या छोट्या कुप्यांमधून. गोचीड चावली की माणसात शिरणारा. अंगावर चकंदळं उठतात, मग महिन्यांनी सांधे धरतात. लाइम नावाचा आजार, तिकडच्या एका गावाचं नाव. जंगलाकडून येणाऱ्या काही रोग्यांना तोच आजार असेल का, हे डॉक्टरांना शोधायचं होतं. त्यासाठी रक्ताची तपासणी तयार करायची, आणि त्यासाठी हा जंतू जिवंत हवा, सतत वाढता हवा.

"गोचिडीतला?" मी म्हटलं. "बैलाच्या कानातून काढून चुलीत टाकायचे मी. तडतड फुटायच्या."

"तू तर पाहुण्याची जुनी दुश्मन निघालीस गो," मिस म्हणाल्या. तेव्हापासून त्याचं नाव पाहुणा.

पाहुणा फार नखरेल. त्याच्या जेवणात सशाच्या रक्ताची निवळ, जिलेटिन, साखर, अजून कायकाय, सतरा पदार्थ. ते गुलाबी सरबतासारखं दिसायचं. नळी काठोकाठ भरायची, बूच घट्ट, आणि उबेच्या कपाटात ठेवायची. पोटभर जेवला की सरबत पिवळट व्हायचं. टायफॉइड एका रात्रीत वाढतो, ह्याला कित्येक दिवस. मिसनी नेहमीसारखा मोठा घाणा केला, फ्रिजचा एक पूर्ण कप्पा त्याच्या बाटल्यांनी भरला आणि हात पुसले.

पहिल्या खेपेला पाहुणा झकास वाढला. डॉक्टरांनी मिसना मायक्रोस्कोपपाशी बोलावलं, मिसनी मला ओढलं. काळ्या आभाळात चांदीचे केस वळवळत होते. पीळ घालून, झटके देत. मला इतकं छान काही कधी कुणी दाखवलं नव्हतं.

त्याच दिवसांत ट्रस्टींचं चाललं होतं की मीडिया रूम बंद करायची. कंपनीचं तयार पावडरचं मीडिया बाजारात येत होतं. पाणी घाला, उकळा, झालं. खोली, गॅस, माणसं कशाला पोसायची? डॉक्टर त्यांच्याशी भांडून आले. म्हणाले, पाहुण्याचं जेवण डब्यात मिळत नाही, ते इथेच होतं, ह्या बाईंच्या हातचं. ट्रस्टी म्हणाले, पावसाळा संपला की आम्ही बघायला येतो. तो जंतू जिवंत दाखवा, खोली राहील.

मिसची निवृत्ती अजून लांब होती. पण मला वाटतं, त्यांना पगाराचं काही नव्हतं. ती खोली म्हणजे त्यांनी केलेला एकमेव संसार होता.

आणि पाहुणा रोडावला. एका नळीतून दुसऱ्या नळीत काढायचा, तसा दर खेपेला कमी. मग अगदी तुरळक. मग एका नळीत काहीच नाही, सरबत गुलाबीच्या गुलाबी. डॉक्टर कपाटाची ऊब तपासत बसले. उष्णता बरोबर होती. जेवणावर कुणाचा संशय जाण्याचं कारणच नव्हतं. त्याच घाण्यातलं, त्याच बाटल्यांतलं जेवण तो आधी खाऊन माजला होता ना!

एका दुपारी डॉक्टर धुण्याच्या खोलीत आले. मागे मिस.

"मावशी, रागावू नका," डॉक्टर म्हणाले. ते मला मावशी म्हणायचे, वयाने थोडेच लहान असतील. "ह्या जंतूला साबणाचा अंशसुद्धा चालत नाही. नळ्यांना कुठे साबण राहत असेल का?"

साबण राहत नव्हता. मी प्रत्येक नळी उजेडाकडे धरायचे, त्याच एका गुणावर तर मला नोकरी मिळाली होती. पण मी मिसकडे बघितलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा मला म्हातारा दिसला. काच नाही, कपाट नाही, मग मिसच उरतात, हे मलासुद्धा कळत होतं. आणि वर्षानुवर्षांची माझी जीभ, तिला ढकलावं लागलंच नाही.

"राहिला असेल जी. माझंच चुकलं."

मिसनी चष्म्याच्या वरून बघितलं. "पाहिलंस की वाटलं?"

तिथे मी 'वाटलं' म्हटलं असतं तरी चाललं असतं. फादरचं चाललं होतं.

"पाहिलं जी," मी म्हटलं. "फेस राहिला होता."

तो प्रश्न विचारल्यावर मिसशी आजवर कुणी खोटं बोललं नव्हतं. निदान त्यांची तशी समजूत होती. त्यांनी माझ्यावर लगेच विश्वास ठेवला. डॉक्टरांकडे वळून म्हणाल्या, "काच माझ्या खोलीतली. म्हणजे माझ्याकडून राहिला साबण. हिला काही बोलायचं नाही."

मला वाटलं होतं, दोन शब्द ऐकून घेईन आणि मिटेल. मिसवरचं संकट मी माझ्या पदरात घेतलंय असंही वाटलं होतं, आणि खोटं कशाला बोलू, त्या संध्याकाळी टेकडी चढताना मला बरं वाटत होतं. उपकार फिटल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी येऊन बघते तर मिस माझ्या आधी मोरीपाशी उभ्या. कोटाच्या बाह्या दुमडलेल्या. सगळं काचसामान नव्याने धुवायचं, साबण बंद. उकळायचं, साध्या पाण्याने खळाळायचं, मग डिस्टिल्ड वॉटरने पुन्हा पुन्हा. स्वतःचं काम आटपून त्या रोज माझ्या शेजारी उभ्या राहायला लागल्या. प्रमुख बाई आणि मोरी! बाकीचे बघून हसायचे. "मिस, आता फरशी पण पुसणार काय?" मिस उलट विचारायच्या, "घाण पाहिलीस की वाटली?" हात पाण्यात फुटले त्यांचे. मला खोबरेल तेलाची बाटली आणून दिली आणि म्हणाल्या, "तुझे हात बघ आधी." काम करता करता तोंडाने चर्चमधलं गाणं गुणगुणायच्या. मी मान खाली घालून खळाळत राहायचे. त्या गाण्याचा शब्द न् शब्द मला अजून येतो, आणि तो आठवला की मी आपोआप मान खाली घालते.

स्वच्छ नळ्यांत डॉक्टर पुन्हा पाहुणा सोडायचे. डीप फ्रीझरमधली राखीव कुपी काढायची, तीही जायची. मग पुढची. जेवण तेच, फ्रिजमधलं, जुनी बाटली आधी. काचेचं कारण सापडलंय म्हटल्यावर दुसरं कारण शोधणार कोण? "अजून कुठेतरी साबण राहतोय," डॉक्टर म्हणायचे, आणि आम्ही पुन्हा धुवायचो. ट्रस्टी यायची वेळ जवळ येत होती. शेवटची कुपी डॉक्टरांनी सकाळी काढली, त्या दिवशी मिसनी एक नळी डोळ्यासमोर धरली आणि अगदी साधेपणाने विचारलं,

"बाय, तू फेस नेमका कुठे पाहिलास? तोंडाशी की बुडाशी? मला कळलं तर तिथे ब्रश नीट घालता येईल."

मी हातातली नळी पुन्हा नळाखाली धरली.

"आठव ना गो."

"मी पाहिला नव्हता जी," मी म्हटलं. "कधीच नव्हता."

त्यांनी नळ बंद केला. एवढा वेळ पाण्याचा आवाज चालला होता ते तेव्हा कळलं.

"मग बोललीस का?"

"वाटलं, माझ्यावर घेतलं तर मिटेल. तुमच्यावर यायला नको."

मिसनी नळी हळूच रॅकमध्ये ठेवली, हात कोटाला पुसले आणि आत गेल्या. मी दारातून बघत होते. त्यांनी फ्रिज उघडला आणि तशाच उभ्या राहिल्या. दार सताड उघडं. थंड वाफ पायांवर उतरत होती, मोटर घरघरायला लागली, तरी त्या हलल्या नाहीत. मग गुलाबी सरबताची एक तपकिरी बाटली काढून खिडकीकडे धरली. ना गढूळ झाली होती, ना आंबली होती. दिसायला अगदी पहिल्या दिवसासारखी.

त्याच दुपारी त्यांनी पाहुण्याचं जेवण नव्याने केलं. मोठा घाणा नाही, एका चंबूपुरतं. शेवटच्या कुपीतलं जे उरलं होतं त्यातलं अर्धं जुन्या जेवणात घालायला लावलं, अर्धं ताज्यात. नळ्या एकाच धुण्यातल्या. डॉक्टरांना म्हणाल्या, "आता थांबू."

आम्ही थांबू शकत होतो, ट्रस्टी थांबणार नव्हते. ते त्याच आठवड्यात आले. सुटातली भली माणसं, कुणी आवाज चढवला नाही. डॉक्टरांनी मायक्रोस्कोप लावून दिला. दोन्ही नळ्यांत अजून काही दिसण्याजोगं नव्हतं. एकेक जण वाकला आणि काळा गोल बघून उठला. "काहीतरी दिसायला हवं ना इथे?" एकाने विचारलं. डॉक्टर घाईघाईने सांगत राहिले की फक्त थोडे दिवस द्या. मिस भिंतीशी उभ्या होत्या. एका ट्रस्टींनी त्यांना अदबीने विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, वाढेल?"

मिस म्हणाल्या, "मी अजून पाहिलं नाही."

हो म्हणायला काय जात होतं? मी आत धुण्याच्या खोलीत पदर तोंडात धरून उभी होते. मी असते तर हो म्हटलं असतं, काहीही म्हटलं असतं. चहा झाला, बिस्किटं झाली. पुढच्या आठवड्यात पत्र आलं, खोली बंद.

पत्रानंतर दोन-चार दिवसांनी डॉक्टर व्हरांड्यातून ओरडत आले. "मिस! मिस, या!" ताज्या जेवणाच्या नळीत चांदीचे केस होते. पाहुणा उठला होता. जुन्या जेवणाच्या नळीत काही नाही, काळोख. मिस बराच वेळ वाकून बघत होत्या. मग डॉक्टरांना म्हणाल्या, "माझं जेवण शिळं झालं होतं. ताजं होतं तोवर त्याने खाल्लं, फ्रिजमध्ये बसलं तसं त्याचं काहीतरी मेलं. दुसऱ्या जंतूंना चालतं, ह्याला चालत नाही. मला कळलं नाही. काच पहिल्यापासून स्वच्छ होती, हिचं नाव कुठे घ्यायचं नाही."

डॉक्टर म्हणाले, "अहो, कुणालाच कळलं नाही."

"कुणाला कसं कळणार? सगळ्यांनी साबण शोधला."

पुढे डॉक्टर ताजं जेवण थोडं थोडं करून लगेच गोठवून ठेवायला लागले. ते गोठलेलं चांगलं टिकायचं. पाहुणा जगला. त्यातून त्यांच्या तपासणीचं काय झालं ते मला नीट माहीत नाही.

खोली आवरताना मी मिसच्या पायाशी बसले. "मिस, माझं चुकलं," म्हटलं. जी सुद्धा लावायचं राहून गेलं.

त्यांनी हात वर केला. मारायला नाही, थांबवायला.

"नको," त्या म्हणाल्या. "ते तू सगळ्यांना बोलतेस. कंडक्टरला बोलतेस, भाजीवाल्याला बोलतेस. मला दिलंस तर मी त्याचं काय करू?" मग आवाज अजिबात न चढवता, "चूक माझी होती गो बाय. माझ्या हातची. मला वेळेवर सापडली असती. तू ती घेऊन घरी गेलीस. कुणाची वस्तू अशी नेतात?"

मी रडायला लागले. त्यांनी मला रडू दिलं, जवळ घेतलं नाही. थोड्या वेळाने म्हणाल्या, "ऊठ. चंबू बांधायचे राहिलेत." आणि कागद फाडून फाडून माझ्या हातात देत राहिल्या.

त्यांना दुसऱ्या खात्यात घेत होते, त्या गेल्या नाहीत. घरी बसल्या. जाताना ऑफिसात सांगून गेल्या की ह्या बाईला काढू नका, हिने धुतलेली काच तपासावी लागत नाही. त्या शब्दावर मी कायम झाले. नंतर किती वर्षं मी त्या पगारावर घर चालवलं. पोरं शिकली. ती खोली पुठ्ठ्याच्या खोक्यांचं गोडाऊन झाली. तिच्यावरून दिवसातून कितीदा जावं लागायचं, आणि दरवेळी मी पाऊल भरभर उचलायचे.

गावठाणात मी एकदाच गेले. मिस कुंपणापाशीच भेटल्या, नवऱ्याची चौकशी केली, पोरांची केली, कढी प्यायला दिली. काही झालंच नाही असं बोलल्या. फक्त मी काही सांगत होते तेव्हा, तो प्रश्न त्यांनी एकदाही विचारला नाही. मी सांगेन ते ऐकून घेत होत्या, मान डोलवत. तेवढ्याने मला कळलं. त्यानंतर माझे पाय तिकडे वळले नाहीत.

त्या गेल्याचं मला लॅबमध्ये कळलं. मी कोट काढून ठेवला आणि चर्चला गेले. कधी उभं राहायचं, कधी बसायचं, काही ठाऊक नव्हतं, पुढच्या बाईचं बघून करत होते. बाहेर त्यांचे भाऊ सगळ्यांना भेटत होते. मला ओळखलं नाही त्यांनी. "तुम्ही कोण, बाय?" म्हणाले. मी म्हटलं, "मिसच्या हाताखाली होते." त्यांनी माझे दोन्ही हात धरले. म्हणाले, "म्हणजे लॅबवाली. तिने कोणाचं नाव नाही घेतलं कधी. खोली गेली ती माझ्यामुळे गेली, एवढंच बोलायची."

मी तोंड उघडलं. मागून दुसरी माणसं आली, भावाने त्यांचे हात धरले.

कबरीपाशी रांग लागली होती. एकेक जण मूठभर माती घ्यायचा, खाली सोडायचा, क्रूस करून बाजूला व्हायचा. माझी पाळी आली. मीही वाकून माती घेतली. ती ओली होती, चिकण. मूठ उघडली तर पडेना, तळव्याला बसून राहिली. मागचे थांबले. मी हात झटकला नाही, ते बरं दिसलं नसतं. दुसऱ्या हाताच्या बोटांनी ती हळूहळू सोडवली, रेघांमधून, नखांमधून, आणि थोडी थोडी खाली सोडली. सगळी निघाली नाही. कुणी घाई केली नाही.

मग सगळे फाटकाजवळच्या नळावर हात धुवायला गेले. तिथे माझ्यासाठीही कुणीतरी नळ सोडून ठेवला. मी नको म्हटलं आणि तशीच बसस्टॉपकडे निघाले.